विश्लेषण : गोल्फचा चेंडू ‘मारायचा’ की क्लब ‘फिरवायचा’? हिटिंग आणि स्विंगिंगमध्ये नेमका फरक काय?

टोक्यो ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले. पण त्या दिवशी सकाळी अनेक भारतीय टीव्हीसमोर बसले होते ते गोल्फसाठी. अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती. शेवटी तिचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. त्याच ऑलिम्पिकच्या पुरुष गटात पुण्याचा उदयन माने आणि पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी खेळले होते. गोल्फ नव्याने पाहणाऱ्यांना एका गोष्टीचे नवल वाटले. अदिती त्या स्पर्धेतील सर्वांत कमी लांबीचे ड्राइव्ह मारणाऱ्या खेळाडूंपैकी एक होती. मग या खेळात ताकदीचे काम किती आणि तंत्राचे किती?

गोल्फमधील एक जुना वाद याच प्रश्नाशी येऊन थांबतो. चेंडू जोर लावून मारायचा, की क्लब लयीत फिरवायचा आणि चेंडू आपोआप वाटेत येऊ द्यायचा? पहिल्या पद्धतीला ‘हिटिंग’ म्हणतात, दुसरीला ‘स्विंगिंग’. हल्ली ड्रायव्हिंग रेंजवर पहिल्यांदा जाणाऱ्याला एक जण सांगतो ‘जोर लाव’, तर दुसरा सांगतो ‘हात सैल सोड’. दोघांच्याही सांगण्यात तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या फटक्यांबद्दल बोलत असतात. म्हणून हा फरक आधी समजून घेतलेला बरा. (खालील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.)

‘स्विंगिंग’ म्हणजे काय?

ज्यांनी गोफण पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे उडवायला राखणदार गोफण फिरवतो. त्याचा हात लहानशा वर्तुळात फिरतो, पण दोरीच्या टोकाचा दगड मोठ्या वर्तुळात, कितीतरी जास्त वेगाने जातो. राखणदार दगडाला ढकलत नाही. त्याला ते शक्यच नाही, कारण दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. तो फक्त ओढ कायम ठेवतो आणि योग्य क्षणी सोडतो.

स्विंगिंगमध्ये क्लब असाच वागवला जातो. शरीर वळते, त्याबरोबर डावा हात ओढला जातो, डाव्या हाताबरोबर क्लब. मनगट बिजागरीसारखे मोकळे असते. क्लबचे डोके अपकेंद्री बलामुळे आपोआप बाहेर फेकले जाते आणि चेंडूपाशी येईपर्यंत हात व क्लब जवळजवळ एका रेषेत येतात. उजव्या हाताने ढकलायचे काहीच नसते, तो फक्त साथ देतो.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध शिक्षक म्हणजे इंग्लंडचे अर्नेस्ट जोन्स. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. तरीही बरे झाल्यावर एका पायावर उभे राहून त्यांनी रॉयल नॉर्विचच्या मैदानावर ८३ फटक्यांत फेरी पूर्ण केली. पायाचा जोर नाही, शरीराचा तोल अर्धवट, आणि तरीही क्लब फिरतो आहे. यातून त्यांनी धडा घेतला की लक्ष शरीराच्या अवयवांवर नको, क्लबच्या डोक्यावर हवे. पुढे अमेरिकेत शिकवताना ते रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून फिरवून दाखवत. रुमाल ताणलेला राहिला तर तो स्विंग. घाई करून हात पुढे रेटला की रुमाल लगेच ढिला पडतो आणि चाकू भरकटतो. १९५२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘स्विंग द क्लबहेड’ होते.

मग ‘हिटिंग’ म्हणजे काय?

आता विटी-दांडू आठवा. उडालेल्या विटीला टोला मारताना दांडू आखूड, कडक आणि पूर्णपणे हाताच्या ताब्यात असतो. लांब झोका घ्यायला वेळ नसतो. दुमडलेले कोपर झटकन सरळ होते आणि टोला बसतो. हिटिंगचे तत्त्व याच्या जवळचे आहे.

इथे शक्तीचा मुख्य स्रोत उजवा हात. बॅकस्विंगच्या शेवटी उजवे कोपर दुमडलेले असते. खाली येताना ते पिचकारीच्या दट्ट्यासारखे सरळ होत जाते आणि क्लबला मागून रेटा देते. डावा हात दिशा सांभाळतो. बॅकस्विंग साधारणपणे आखूड असतो, मनगटांची हालचाल कमी आणि वेग एकदम न वाढता सतत वाढत जाणारा.

गोल्फच्या गप्पांमध्ये सॅम स्नीड यांचे नाव स्विंगर म्हणून आणि अरनॉल्ड पामर यांचे हिटर म्हणून घेतले जाते. स्नीड यांचा स्विंग तेल घातल्यासारखा सुळसुळीत, तर पामर यांचा फटका बघणाऱ्यालाही जोर जाणवेल असा. दोघेही महान खेळाडू. म्हणजे एक पद्धत बरोबर आणि दुसरी चूक, असा हा मामला नाही.

हा फरक कागदावर कोणी मांडला?

‘हिटर’ आणि ‘स्विंगर’ हे शब्द जुनेच. पण त्यांची काटेकोर व्याख्या करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकेच्या होमर केली यांनी केला. सिअ‍ॅटलमध्ये बोईंगसाठी काम केलेले केली व्यावसायिक गोल्फर नव्हते. पहिल्याच फेरीत शंभराहून कितीतरी जास्त फटके लागले आणि काही महिन्यांनी एका फेरीत फक्त ७७. हे कसे घडले, याचे समाधानकारक उत्तर त्यांना कोणत्याही शिक्षकाकडे मिळाले नाही. मग यंत्रातील बिघाड शोधावा तसा ते गोल्फचा फटका सुटा करून पाहू लागले. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर १९६९ मध्ये त्यांचे ‘द गोल्फिंग मशीन’ हे पुस्तक आले.

या पुस्तकात फटक्याचे २४ घटक सांगितले आहेत : ग्रिप, उभे राहण्याची पद्धत, मनगटांची हालचाल, फटक्याचे प्रतल वगैरे. प्रत्येक घटकाचे अनेक पर्याय आहेत. पर्याय कोणताही घ्या, पण निवडलेले पर्याय एकमेकांशी जुळले पाहिजेत, हा केली यांचा आग्रह. आणि या जुळणीतला सर्वांत मोठा फाटा म्हणजे हिटिंग की स्विंगिंग. क्लबला रेटा द्यायचा की ओढ, हे एकदा ठरले की बाकीचे बरेच पर्याय आपोआप ठरतात.

चेंडूला हा फरक कळतो का?

नाही. यामागचे भौतिकशास्त्र नववीच्या पुस्तकातले आहे.

व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचे डोके चेंडूपाशी ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने येते आणि चेंडू ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर, निघतो. चेंडूचे वस्तुमान जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते. एवढ्या वेळात चेंडूला हा वेग द्यायचा तर सरासरी बल सुमारे ७,००० न्यूटन, म्हणजे साधारण ७०० किलो वजनाएवढे लागते.

आता समजा, तुम्ही नेमक्या त्या क्षणी हातांनी आणखी १० किलो वजनाएवढा जोर लावलात. बल गुणिले वेळ या हिशेबाने तुमची भर पडते जेमतेम दीड टक्का. तीही कागदावर. कारण शाफ्ट लवचीक असतो आणि हातातला जोर त्यातून डोक्यापर्यंत पोहोचेस्तोवर चेंडू निघून गेलेला असतो.

अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांच्या ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या १९६८ च्या पुस्तकात याचा एक सुंदर प्रयोग आहे. क्लबच्या डोक्याच्या जरा वर शाफ्टमध्ये बिजागरी बसवण्यात आली. म्हणजे टक्कर होताना हातांचा डोक्याशी जणू संबंधच तुटलेला. तरीही चेंडू जवळजवळ साध्या क्लबइतकाच दूर गेला. टक्कर होते ती सुट्या डोक्याची आणि चेंडूची.

चेंडू लागल्याचे मेंदूला कळून स्नायू काही करेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात चेंडू १५ मीटर पुढे गेलेला असतो. ‘चेंडूवर शेवटच्या क्षणी जोर काढला’ ही आपली भावना असते, घटना नव्हे. चेंडूला फक्त चार गोष्टी कळतात : डोक्याचा वेग, त्याची दिशा, त्याच्या पृष्ठभागाचा कोन आणि टक्कर कुठे झाली. त्या तुम्ही रेटून आणल्या की ओढून, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

मग वेग येतो कुठून?

टक्कर होण्याआधीच्या पाव सेकंदातून. बॅकस्विंग संपल्यापासून चेंडूपर्यंतचा प्रवास एवढ्याच वेळात होतो आणि हिटिंग-स्विंगिंगचा सगळा वाद या पाव सेकंदाबद्दल आहे.

शास्त्रज्ञ फटक्याकडे ‘दुहेरी लंबक’ म्हणून पाहतात. एक दांडा खांद्यापासून हातापर्यंत, दुसरा हातापासून क्लबच्या डोक्यापर्यंत, मध्ये मनगटाची बिजागरी. सुरुवातीला दोन्ही दांडे काटकोनात दुमडलेले असतात. पहिला दांडा फिरू लागला की दुसरा बाहेर फेकला जाऊ लागतो. तो उलगडतो तेव्हा पहिल्याची ऊर्जा दुसऱ्यात जाते. हाताचा वेग कमी होतो, डोक्याचा वाढतो. आसूड ओढताना मूठ थांबते आणि टोक कडाडते, तसेच.

उत्तम खेळाडूंच्या हालचालींच्या मोजणीत हाच क्रम दिसतो. आधी कंबर कमाल वेगाला पोहोचून मंदावते, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब. प्रत्येक जण वेग पुढच्याच्या हाती देऊन थांबतो. चेंडूपाशी येताना चांगल्या खेळाडूचे हात मंदावत असतात, हे अनेकांना खरे वाटत नाही, पण मोजणी तेच सांगते.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी या प्रतिमानाची गणिते मांडली. त्यातून आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट निघाली. डाउनस्विंगच्या सुरुवातीला मनगट उलगडायला थोडा अटकाव केला, तर चेंडूपाशी डोक्याचा वेग वाढतो. घाईने उलगडले तर कमी होतो.

‘जोर लावला’ की फटका का बिघडतो?

याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. हौशी खेळाडू जोर लावायचे ठरवतो तेव्हा तो बहुधा डाउनस्विंगच्या सुरुवातीलाच उजव्या हाताने क्लब फेकतो. गळ टाकावा तशी मनगटे आधीच उलगडतात. गोल्फमध्ये याला ‘कास्टिंग’ म्हणतात. क्लबच्या डोक्याचा सर्वाधिक वेग चेंडूच्या बराच आधी येऊन जातो. जोर पूर्ण लागलेला असतो, दमही लागतो, पण चेंडू शेजारच्या माणसाच्या संथ फटक्याएवढाही जात नाही.

दुसरा बिघाड उजव्या खांद्याचा. जोर काढण्याच्या नादात खांदा पुढे घुसतो, क्लब बाहेरून आत येतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. नवख्यांचा नेहमीचा ‘स्लाइस’ तो हाच.

म्हणून लक्षात ठेवण्यासारखे हे की, केली यांचे हिटिंग म्हणजे असा आंधळा जोर नव्हे. खऱ्या हिटिंगमध्येही उजवे कोपर आधी बरगडीजवळ येते, क्लबचे डोके हातांच्या मागे राहते आणि मगच रेटा सुरू होतो. जोर असतो, पण तो उधळलेला नसतो, राखून ठेवलेला असतो. या एका बाबतीत हिटर आणि स्विंगर सारखेच. दोघांनाही जोर उशिरा खर्च करता यावा लागतो.

दोन्ही पद्धती मिसळल्या तर काय होते?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. स्विंगमध्ये क्लबचे डोके फेकले जाताना स्वतःभोवती वळते आणि त्याचा पृष्ठभाग आपोआप बंद होत चेंडूशी सरळ होतो. हिटिंगमध्ये मागून रेटा असल्याने हे वळणे कमी असते. दोन्ही पद्धतींत ग्रिप, चेंडूची जागा आणि नेम त्या त्या वळण्याच्या हिशेबाने ठरवावा लागतो.

आता कल्पना करा, मोकळ्या मनगटाने स्विंग सुरू केला आणि अर्ध्या वाटेत मन बदलून उजव्या हाताने रेटा दिला. दोरी ओढता ओढता ढकलायला गेल्यासारखे ते होते. पृष्ठभाग किती वळेल याचा भरवसा उरत नाही. एक चेंडू डावीकडे, पुढचा उजवीकडे. रेंजवर असा माणूस दर आठवड्याला नवी ‘टिप’ शोधत असतो, आणि बहुतेक वेळा ती टिप दुसऱ्या पद्धतीची असते. फोनवर पाठोपाठ पाहिलेल्या दोन व्हिडीओंपैकी एक हिटरचा आणि एक स्विंगरचा असेल, तर दोन्ही बरोबर असूनही तुमचा फटका बिघडू शकतो.

विज्ञान कळले म्हणजे जिंकता येते का?

केली यांचे पुस्तक ज्यांच्यामुळे पहिल्यांदा चर्चेत आले ते बॉबी क्लॅम्पेट. १९८२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ट्रून येथे पहिल्या दोन फेऱ्या ६७ आणि ६६ फटक्यांत खेळून त्यांनी पाच फटक्यांची आघाडी घेतली. पुढच्या दोन फेऱ्या ७८ आणि ७७. स्पर्धा टॉम वॉटसन यांनी जिंकली.

याच पुस्तकाचा अभ्यास करणारा आजचा खेळाडू म्हणजे ब्रायसन डिशॅम्बो. भौतिकशास्त्र शिकलेला ब्रायसन सगळे आयर्न एकाच लांबीचे वापरतो. त्याने २०२० मध्ये विंग्ड फूट येथे सहा फटक्यांच्या फरकाने आणि २०२४ मध्ये पाइनहर्स्ट येथे, अशी दोनदा यूएस ओपन जिंकली. एकाच पुस्तकाच्या दोन वाचकांच्या या दोन गोष्टी. तंत्र समजल्याने फटका दुरुस्त करता येतो, पण दडपणाखाली तो टिकवणे हे वेगळे काम आहे.

शरीराच्या दृष्टीने काय पाहावे?

हौशी गोल्फरना होणाऱ्या दुखापतींमध्ये कंबर, कोपर आणि मनगट यांचा क्रमांक वरचा. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला तर ‘गोल्फर्स एल्बो’ असेच नाव पडले आहे. म्हणून पद्धत निवडताना आवडीइतकाच शरीराचा विचार हवा.

- पाठ आणि खांदे लवचीक असतील, मोठे वळण सहज घेता येत असेल, तर साधारणपणे स्विंगिंग सोपे जाते.
- वळण कमी, पण हात आणि दंड मजबूत असतील, तर आखूड बॅकस्विंगचे हिटिंग जमू शकते.
- ग्रिप आवळून धरून जमिनीवर आपटलेला फटका दोन्ही पद्धतींत कोपराला महागात पडतो.
- आधीपासून कंबर किंवा कोपर दुखत असेल, तर प्रशिक्षकाआधी डॉक्टर.

तुम्ही कोणत्या गटात? हे करून पाहा

या चाचण्यांना पैसे लागत नाहीत. फक्त आजूबाजूला माणसे, काच आणि पंखा नसल्याची खात्री करा.

- टॉवेल : लांब टॉवेलच्या टोकाला गाठ मारून तो क्लबसारखा फिरवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो ताणलेला राहिला, तर ओढ तुम्हाला जमते. मध्येच ढिला पडला, तर तुम्ही रेटा देत आहात.
- आवाज : ड्रायव्हर उलटा, डोक्याकडून धरून हवेत फिरवा. ‘सूं’ हा आवाज कुठे सर्वांत मोठा येतो ते ऐका. चेंडूच्या जागी किंवा जरा पुढे आला तर उत्तम. उजव्या खांद्याजवळच आला, तर वेग वाटेत सांडतो आहे.
- पाय जुळवून : दोन्ही पाय जवळ ठेवून छोट्या क्लबने अर्धा फटका मारा. तोल गेला, तर हातांचा जोर गरजेपेक्षा जास्त आहे.
- फक्त उजवा हात : छोटा क्लब एकट्या उजव्या हाताने, कोपर बरगडीजवळून सरळ करत, हळू फिरवा. ही हालचाल सहज वाटली, तर हिटिंग तुमच्या अंगात असण्याची शक्यता जास्त.

यातून कल लक्षात आला की प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी विचारण्याचा प्रश्न सोपा आहे : ‘तुम्ही मला रेटायला शिकवणार आहात की ओढायला?’ उत्तर स्पष्ट मिळाले, तर निदान काही महिने तीच वाट धरावी. दुसऱ्या पद्धतीची टिप कितीही चांगली वाटली, तरी त्या काळात ती बाजूला ठेवावी.

थोडक्यात

हिटिंगमध्ये उजव्या हाताचा रेटा, स्विंगिंगमध्ये शरीर आणि डाव्या हाताची ओढ. दोन्ही पद्धतींनी मोठमोठे खेळाडू घडले आहेत. चेंडूला पद्धत कळत नाही, क्लबच्या डोक्याचा वेग, दिशा आणि कोन कळतो. चेंडूला क्लब लागल्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे ‘आणखी जोर’ हा सल्ला अपुरा आहे. तो जोर कुठून आणायचा आणि कधीपर्यंत राखून ठेवायचा, हे सांगितले तरच त्या सल्ल्याला अर्थ.